परीक्षेतला तुकडा

प्रयोगशाळेत त्यांना समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे मोडतोडबाई. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव त्यांना जास्त आवडायचं. तीस वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय होतं? कुठे काही मोडलं, निखळलं, कोसळलं की त्याचे तुकडे पिशवीत भरून त्यांच्या टेबलावर यायचे. क्रेनचा आकडा, लिफ्टची खीळ, बसचा आस, एकदा तर शाळेच्या घंटेचा लोळा. कशानं मोडलं, कधीपासून मोडत होतं आणि दोष कुणाचा, हे त्या भिंगातून बघून सांगायच्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. मागच्याला शहाणं करण्याचा पगार बाईंना मिळत होता.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते ठरायचं होतं. साहेबांनी सांगून टाकलं होतं, तुम्ही निवडाल तो आमचा. बाई मनातून सुखावल्या होत्या. माणसं पारखण्याचा त्यांना अभिमान होता, थोडा जास्तच.

त्यांच्या परीक्षेची पद्धत अकरा वर्षांत बदलली नव्हती. पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळईचे दोन तुकडे, एक भिंग, मोजपट्टी आणि कोरा कागद. वेळ चाळीस मिनिटं. प्रश्न एकच, ही सळई कशानं तुटली? उमेदवाराला वाटायचं परीक्षा कागदावर आहे. खरी परीक्षा पहिल्या मिनिटातच होऊन जायची. तुटलेल्या वस्तूचे दोन तुकडे हातात आले की माणूस ते जुळवून बघतो; घरी बशी फुटली तरी आपण तेच करतो. पण या कामात ते पाप. तुटलेली तोंडं एकमेकांवर घासली की त्यांच्यावर उमटलेल्या खुणा पुसल्या जातात, आणि त्या खुणा हाच काय तो साक्षीदार असतो. तुकडे जुळवणारा तिथेच बाद.

अकरा वर्षांत साठेक उमेदवार आले असतील. त्यातल्या निम्म्यांनी तरी तुकडे जुळवले होते, त्यामुळे सळईची तोंडं आता जुन्या नाण्यासारखी गुळगुळीत झाली होती. बाईंचं काही अडत नव्हतं. उत्तर त्यांच्याकडे फाइलमध्ये तयार होतं, त्यांचं स्वतःचं.

ती सळई शहराच्या बंदिस्त तरणतलावाची होती. तिथलं जड प्लास्टरचं छत अशा दीडशे सळयांना टांगलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी एक रंगारी छताचे पोपडे काढत असताना एक सळई तुटली, छताचा तुकडा सुटला आणि रंगारी खाली आला. कंबर मोडली बिचाऱ्याची. सळईवर दोरीचे वळ होते, तुटीच्या तोंडावर ओढाताणीच्या खुणा होत्या. बाईंनी लिहिलं की रंगाऱ्यानं छतातल्या भोकातून दोरी वर नेऊन आपली कप्पी सळईला बांधली, भार जादा झाला आणि सळई तुटली. बाकीच्या सळया तपासण्याची गरज नाही. रंगाऱ्याला भरपाई मिळाली नाही आणि परवानाही गेला. प्रकरण मिटलं आणि सळई परीक्षेच्या ट्रेमध्ये आली.

त्या दिवशी तीन उमेदवार होते. पहिल्यानं ट्रे समोर येताच तुकडे टक्कन जुळवले. बाईंनी घड्याळ पाहिलं, अकरा सेकंद झाले होते. दुसरा चाळीस मिनिटं हाताची घडी घालून बसला, कागदावर "बहुधा जादा भार" असं लिहिलं आणि जाता जाता आपले काका कोण आहेत ते सांगून गेला.

तिसरी होती एक चष्मेवाली. अंगानं काडी, बोलणं हळू. तिनं तुटीच्या तोंडाकडे अर्धा मिनिट पाहिलं आणि तुकडा खाली ठेवला.

"मॅडम, हे तोंड आता काही बोलायचं नाही. फार जणांनी घासलंय."

"मग?" बाईंना गंमत वाटली.

चष्मेवालीनं तुकडा उलटा केला आणि भिंग घेऊन तुटीपासून लांब, जिथं कुणीच बघत नाही तिथं, सळईच्या अंगावरून सरकत गेली. अर्धा तास ती तशीच वाकून होती. मग तिनं कागदावर चार ओळी लिहिल्या.

"तुटीचं तोंड झिजलं आहे, त्यावरून काही सांगता येत नाही. पण तिथून दोन बोटं वर, आटे संपतात तिथे, तीन बारीक भेगा आहेत. त्यांना फांद्या फुटल्या आहेत. एका झटक्यानं अशा भेगा पडत नाहीत; सळई आधीपासून आतून खंगत होती. जिथून आणली तिथल्या बाकीच्या सळया तपासल्या का?"

बाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "प्रश्न काय होता?"

"ही सळई कशानं तुटली."

"मग उत्तर द्यायचं सोडून या नसत्या भेगा कशाला मोजत बसलात?"

"माझे बाबा दातांचे डॉक्टर आहेत, मॅडम. कॉलेजला असताना मी त्यांच्याच दवाखान्यात मदतीला असायचे. ते म्हणतात, दुखणारा दात काय, पेशंटही दाखवतो. आपण शेजारचे बघायचे."

बाई हसल्या. पोरगी तोंडाची गोड आहे म्हणाल्या, कळवू म्हणाल्या, आणि ती गेल्यावर हात सवयीनं लाल पेन्सिलीकडे गेला. नापास. आपण लिहिलं कधी तेही त्यांना कळलं नाही.

मग चहा आला. चहा गार झाला. बाई दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. शेवटी "बघायला काय जातंय" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी दार लावून घेतलं आणि तुकडा भिंगाखाली धरला.

भेगा होत्या. केसाहून बारीक, पण होत्या.

बाईंनी सळई पुसली, तिच्यावर लाल द्रव लावला, थांबल्या, पुन्हा स्वच्छ पुसली आणि वरून पांढरी पूड फवारली. ही तपासणी शिकाऊसुद्धा करतो. भेगेत शिरलेला लाल रंग पुडीवर उमटतो, आणि जिथे भेग नाही तिथं पांढरंच राहतं. दहा मिनिटं वाट बघायची असते. आठव्या मिनिटाला पहिली लाल रेघ उमटली. मग दुसरी. मग त्यांना फांद्या फुटत गेल्या, पानावरच्या शिरांसारख्या. तीन नव्हत्या त्या. बाईंनी सतरा मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

असं कशानं होतं हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. तलावाच्या पाण्यातलं क्लोरीन उबदार हवेबरोबर वर जातं. छताच्या वर त्याचा थर साचत राहतो, तिथं कुणी धूत नाही की पुसत नाही. ताणाखाली असलेलं स्टेनलेस स्टील अशा ठिकाणी आतल्या आत चिरत जातं, आणि बाहेरून चकाकतच राहतं. दिसायला काही नाही, वाजायला काही नाही. एक दिवस तुटतं, तेव्हा शेवटच्या उरलेल्या चिमूटभर स्टीलवर ओढाताणीची खूण दिसते. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी तेवढीच खूण पाहिली होती. उरलेल्या भागावर तपकिरी डाग होता. पण सळई दोन दिवस पाण्याच्या तळाशी पडून होती, तेव्हा डाग पाण्यानंच पडला असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. शितावरून भाताची परीक्षा करावी एवढं साधं काम, आणि त्यांनी एकच शीत कच्चं म्हणून बाजूला काढून सगळा भात शिजल्याचं लिहून दिलं होतं.

त्यांनी जुनी फाइल उघडली. रंगाऱ्याचा जबाब एका पानाचा होता. "दोरी मी शेजारच्या सळईला बांधली होती. तुटली तिला मी हातही लावला नव्हता. खाली पडताना दोरी तिच्यात अडकली." समासात बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "अपेक्षित बचाव."

मग त्यांनी जे केलं ते त्यांना करायचं नव्हतं. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी अकरा वर्षांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि एकेक उलटत गेल्या. जादा भार, पास. जादा भार, पास. तुकडे जुळवले, बाद. तिसाव्या-बत्तिसाव्या कागदावर हात थांबला. सहा वर्षांपूर्वीचा, एका मुलाचा. "अंगावर आणखी भेगा दिसतात. गंज आतला आहे." वर लाल पेन्सिलीत लिहिलं होतं, विषय सोडून लिहिले, नापास. पुढे अजून एक, तीन वर्षांपूर्वीचा, एका मुलीचा. "या जागी माणसं वावरत असतील तर आजच बंद करा." त्यावर फक्त नापास.

एक चूक झाली होती, ठीक; चूक कुणाची होत नाही? पण ही चूक त्यांनी ट्रेमध्ये मांडून अकरा वर्षं लोकांपुढे ठेवली होती, आणि ज्यानं ज्यानं ती दाखवली त्याला घरी पाठवलं होतं. प्रयोगशाळेत आज जे सहा जण कामाला होते ते सगळे "जादा भार" लिहिणारे होते.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते. साडेतीनला तलावावर लहान मुलांचा वर्ग सुरू होतो. शिकवायला बाईंची लेक असते, आणि उथळ टोकाला रबरी बदक घेऊन लेकीची अडीच वर्षांची ठकी डुंबत असते. ही नोकरी लेकीला मिळाली तेव्हा ती जरा बिचकली होती, तिनं रंगाऱ्याची गोष्ट ऐकली होती. बाईच म्हणाल्या होत्या, "त्या छताखाली डोळे मिटून उभी राहा. ते मी तपासलंय."

त्यांनी लेकीला फोन लावला. तो कपाटात वाजत असणार, पाण्यात कोण फोन घेऊन उतरतं? मग तलावाच्या व्यवस्थापकाला लावला.

"वर्ग थांबवा. सगळ्यांना बाहेर काढा."

"मॅडम, बरं आहे ना सगळं?" व्यवस्थापक हसला. "अहो, तुमचाच अहवाल फ्रेम करून इथे काउंटरमागे लावलाय. पालक विचारतात तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवतो मी."

"तो चुकीचा आहे."

पलीकडून जपून आवाज आला, "असं कसं म्हणता? तुम्ही लेखी पाठवा. मी वर कळवतो. मनानं बंद केलं तर उद्या मलाच जाब विचारतील."

बाईंनी फोन आपटला. दोन जुन्या उत्तरपत्रिका पर्समध्ये कोंबल्या, का ते त्यांनाच सांगता आलं नसतं, आणि गाडीकडे पळाल्या. साठीला टेकलेली बाई पळते तेव्हा लोक वळून बघतात, लोकांनी बघितलं. वाटेत तीन सिग्नल होते आणि तिन्ही लाल लागले. प्रत्येक सिग्नलला त्या स्टीअरिंगवर बोटं वाजवत एकच हिशेब करत होत्या. एक सळई तुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो. त्यातली एक तुटली की उरलेलीवर. पाचवी-सहावी तुटली की पुढच्या तुटायला वर्षं लागत नाहीत, सगळ्या एका दमात जातात.

त्या आत शिरल्या तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ओला, उबदार, क्लोरीनचा वास. बावीस पोरं फळ्यांना धरून पाय मारत होती आणि त्यांचा कालवा छताला आपटून परत येत होता. वर छत होतं, पांढरंशुभ्र, नुकतंच रंगवलेलं. इतकं सुंदर दिसत होतं की बाईंना क्षणभर वाटलं, आपल्याला वेड लागलंय.

लेकीनं त्यांना पाहिलं. बाईंनी हात वर करून बोट छताकडे केलं. लेक त्यांचीच होती, लहानपणापासून मोडतोडीच्याच गोष्टी ऐकून वाढलेली. तिनं कशाला, का, काही विचारलं नाही. गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की पोरं रडायला लागली.

"बाहेर! फळ्या टाका! दाराकडे!"

व्यवस्थापक धावत आला, हातवारे करू लागला, पण बावीस ओल्या पोरांच्या लोंढ्यापुढे कुणाचं काय चालतं? लेकीनं दारात उभं राहून डोकी मोजली, दोनदा. मग ठकीला काखोटीला मारून ती सगळ्यात शेवटी बाहेर पडली. तिच्यामागे दार लागलं.

छताच्या वर जायला बाजूच्या खोलीतून एक शिडी आणि एक झडप होती. तलावाचा वीजवाला आधी चढला, मागून बाई. आत पाऊल टाकायचं नाही, नुसतं बघायचं, असं त्यांनी त्याला बजावलं. त्यानं बॅटरीचा झोत फिरवला. सळयांच्या रांगा लांबवर चकाकत होत्या, भांड्यांच्या दुकानासारख्या.

"ठीकच दिसतंय की, बाई," वीजवाला म्हणाला आणि आधाराला म्हणून त्यानं हाताशी असलेली सळई धरली. ती वरून सुटून त्याच्या हातात आली.

त्यानं सळई बाईंकडे दिली. तुटीचं तोंड काळपट तपकिरी होतं, वर धूळ चिकटलेली. आज-कालची तूट नव्हती ती, पाच-सहा वर्षं सहज झाली असतील. बाईंनी झोत खाली घेतला आणि रांगेच्या टोकाशी नेला. उथळ टोकाच्या वर, एका ओळीत, नऊ सळया छताला न टेकता नुसत्याच लोंबत होत्या. त्यातली एक वाऱ्यानं हलावी तशी हलत होती, आणि तिथे वारा नव्हता.

"बाई, मग हे उभं कशावर आहे?" वीजवाल्यानं हळूच विचारलं.

तीस वर्षं बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. "मला माहीत नाही. उतर खाली, हळू," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. इमारत बंद झाली, रस्ता अडवला गेला, वरचे साहेब आले. व्यवस्थापकाचा रंग पार बदलला. तो जो येईल त्याला सांगत होता की आमच्या मॅडमनी स्वतः धावत येऊन पोरं वाचवली. एका मुलाची आई बाईंच्या गळ्यात पडून रडली. एका बापानं त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. बाई सगळ्यांना "हो, हो" म्हणत होत्या आणि त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

ऊन कलताना समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर माय-लेकी बसल्या होत्या. ठकी टॉवेलात गुंडाळलेली, आजीच्या मांडीवर गाढ झोपलेली. लेकीनं आईच्या खांद्यावर ओलं डोकं टेकलं.

"आज तू नसतीस तर," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण आजच कसं कळलं गं तुला? अकरा वर्षांनी?"

"मुलाखतीला एक मुलगी आली होती. तिनं दाखवलं."

"आणि इतक्या वर्षांत कुणालाच दिसलं नाही?"

प्रश्न सरळ होता, विचारणारीच्या मनात काही नव्हतं. "नाही" म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. दोन्ही कागद पर्समध्ये होते. ते लिहिणारी पोरं कुठल्या कुठे गेली होती, आणि त्यांनाही कधी कळणार नव्हतं की ती सळई कुठली होती. घरी जाऊन काडी लावली की झालं. खांद्यावर लेकीच्या डोक्याचा भार होता, मांडीवर नातीचा. बाईंना हे दोन्ही भार हवे होते, आयुष्यात इतकं काहीच हवं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याचं मोडलेलं तीस वर्षं उलटंपालटं करून बघितलं होतं. खोटं बोलायला जीभ वळेना.

"दिसलं होतं. दोघांना," त्या म्हणाल्या.

लेकीनं डोकं उचललं. "कधी?"

"एकाला सहा वर्षांपूर्वी. एका मुलीला तीन."

तीन वर्षांपूर्वी ठकी लेकीच्या पोटात होती. पाठ दुखायची म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि नववा महिना लागेपर्यंत ती रोज तासभर त्याच उथळ टोकाला पाण्यावर उताणी पडून असायची. पोहोचवायला आणि न्यायला बाईच यायच्या.

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"लिहून दिलं होतं."

"मग तू काय केलंस?"

"नापास केलं."

लेक उठली. वाकून तिनं आईच्या मांडीवरून ठकीला उचललं. ठकी झोपेत कुरकुरली, तशी तिला थोपटत तिनं टॉवेल नीट गुंडाळला. बाई पर्स सावरत उठायला लागल्या.

"सोडायला येऊ नकोस," लेक म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालू लागली.